बर्फाच्या लग्नाला आलेला पाहुणा

यांगझोम रोज सकाळी, चूल पेटवायच्याही आधी, वाळुंजाची एक ओली कांब उचलायची, मनगटाभोवती वळवायची आणि कानाशी धरून ऐकायची. कांब आतून करकरली तर ती चुलीत जाई. मुकी राहिली तर टोपलीत. तरुणपणी सासू या खोडीला हसायची, नंतर नवरा हसायचा, आणि ती दोघं गेल्यावर हसायला धाकटा भाऊ गोनबो शेजारच्या घरात होताच. "आशे, काय म्हणते कांब? रुसलीय का?" असं तो कुंपणावरून विचारी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला आशे म्हणतात. यांगझोम उत्तर देत नसे. ऐकायचं असेल तर बोलायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

थांगचुंग गावातल्या प्रत्येक पाठीवर तिची टोपली होती. ती आधी दोरीने पाठ मापायची. खांदे किती उतरते, कणा कुठे खोलगट, एक बाजू दुसरीपेक्षा उंच आहे का, हे सगळं बोटांनी बघायची आणि मगच विणायला बसायची. तिने गोनबोसाठी विणलेली टोपली मुखिया नोरफेलच्या पाठीला टोचे, आणि नोरफेलची गोनबोच्या पाठीवर डुगडुगे. लोक म्हणायचे, यांगझोम चेहरे विसरते, पाठी विसरत नाही.

त्या काळात गावाचं पाणी आटत चाललं होतं. ज्या ओढ्यावर आमचा पाट चाले, त्याच्या माथ्यावरचं बर्फ दर उन्हाळ्यात मागे सरकत होतं. आधी सगळ्यात खालचे वाफे सोडले, मग त्यांच्या वरचे. पाणचक्की बंद पडली. सातू वीतभर वाढून पिवळा पडे. राजाने खालच्या किल्ल्यातून निरोप पाठवला होता: असंच राहिलं तर गाव उठवू, घरं नदीकाठच्या गावांत वाटून देऊ. नोरफेलने हा निरोप सगळ्यांना जमवून सांगितला आणि सांगताना जमिनीकडे पाहत राहिला. यांगझोमची एकुलती मुलगी किल्ल्याच्या गावात दिली होती. गाव उठलं असतं तर यांगझोमला त्या घरी, मुलीच्या सासूच्या अंगणात, उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं. तिला दोन वाफे होते आणि एक जर्दाळूचं झाड. त्यांच्या आधाराने ती कोणाच्याही दारात उभी न राहता जगली होती.

त्याच वर्षी, पेरणीच्या दिवसांत, तो आला.

तो खिंडीपलीकडून, काश्मीरकडून आला होता. तिकडून येणाऱ्यांना आम्ही खाचे म्हणतो, म्हणून गावात त्याचं नाव खाचेच पडलं. त्याचं खरं नाव जकरिया. अंगावर लोकरीचा झगा, हातात काठी, कमरेला मातीचा एक बुधला. किल्ल्यात राजाने त्याला बरेच दिवस ठेवून घेतलं होतं. राजा त्याच्याजवळ तासन्‌तास बसतो, जुन्या पूजा राजाने थांबवल्यात, अशा बातम्या वर येत होत्या. किल्ल्यात एवढा मान मिळत असताना हा इकडे कशाला आला, असं नोरफेलने विचारलं, तेव्हा तो मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत म्हणाला की रस्ता जिथे संपतो ते गाव त्याला बघायचं होतं. नोरफेलने त्याला बंद पडलेल्या पाणचक्कीत राहायला जागा दिली. घरोघर फिरून तो काही सांगेल, राजाचा हुकूम काढून दाखवेल, अशी सगळ्यांची समजूत होती. त्याने तसं काही केलं नाही. तो चक्कीच्या दारात बसे, फाटक्या झग्याला टाके घाली, आणि ठरलेल्या वेळा आल्या की पाटावर जाऊन हात, तोंड, पाय धुई आणि मावळतीकडे तोंड करून उभा राही, वाके, कपाळ जमिनीला टेकवी.

पहिलं भांडण झालं ते याच धुण्यावरून. त्या दिवशी पाटाची पाळी यांगझोमची होती. बोटभर धार येत होती आणि ती धार वरच्या अंगाला बसून हा माणूस तोंडावर मारून घेत होता. यांगझोम कुदळ टाकून वर गेली.

"दाढी आमची पिकं पिऊन वाढवलीय का?" ती म्हणाली. "दिवसातून पाच वेळा धुतोस. एवढी कसली घाण लागते तुला?"

तो उभा राहिला. त्याला सगळं समजलं की नाही कोण जाणे, पण त्याने खाली तिच्या वाफ्याकडे पाहिलं, भेगाळलेल्या मातीकडे, आणि हात झग्याला पुसले. 

दुसऱ्या दिवशी तो पाटावर आला नाही. चक्कीच्या दारात बसून त्याने दोन्ही तळवे कोरड्या मातीवर हलके टेकवले, झटकले, तोंडावरून फिरवले, हातांवरून फिरवले आणि मावळतीकडे वळून उभा राहिला. यांगझोम वाफ्यातून बघत होती. तिला वाटलं तो चेष्टा करतोय. पण दुपारी पुन्हा तसंच, संध्याकाळी पुन्हा तसंच. गोनबोला तर आयतीच गंमत मिळाली. "काल पाण्याने, आज मातीने," तो चारचौघांत म्हणाला, "उद्या झो-बैलाच्या शेणाने धुवेल बघा. पण माणूस स्वच्छ आहे हां." सगळे हसले. यांगझोम हसली नाही. तिने पाण्यासाठी भांडणारी माणसं पाहिली होती, पाणी चोरणारी पाहिली होती. आपला देव आणि आपलं अंग यांच्यामध्ये दुसऱ्याच्या शेताचं पाणी नको म्हणून मातीने अंग पुसणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात सातू जवळजवळ हाती लागलाच नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी शेवटचा उपाय काढला. बर्फाचं लग्न लावायचं.

आमच्या डोंगरांत हे फार जुनं आहे. मावळतीला आनो कारमो, म्हणजे पांढरी आई. तिचं बर्फ निळं, स्वच्छ, पाणी देणारं, ती मादी. उगवतीला नाकपो, काळा. त्याचं बर्फ दगडमातीने भरलेलं, जागचं न हलणारं, तो नर. दोघांचे तुकडे एकाच दिवशी टोपल्यांतून आणायचे आणि गावाच्या वर, जिथे उन्हाचं बोटही पोचत नाही अशा दगडांच्या कपारीत, कोळसा आणि भुशात एकत्र पुरायचे. लग्न लागलं तर काही वर्षांनी तिथे नवं बर्फ धरतं, आणि बर्फ धरलं की पाणी येतं. पण वाटेत टोपली जमिनीला टेकवायची नाही आणि बर्फ कापल्यापासून पुरेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. टेकली किंवा बोललात तर ते नुसतं बर्फ. वितळून जातं.

त्या वर्षी पाठीच कमी पडल्या. तरुण माणसं राजाच्या बोलावण्यावर किल्ल्याची भिंत बांधायला गेली होती. नोरफेलने मोजदाद केली तेव्हा आनो कारमोकडे जायला एक माणूस कमी निघाला. नोरफेलच म्हणाला की चक्कीतला तो खाचे आहे ना, तो तर रोज पाच वेळा आनो कारमोसमोर डोकं टेकतो. आपण वर्षातून एकदा टेकतो. त्याच्याएवढा तिचा भक्त गावात कोण आहे? हे सगळ्यांना पटलं. इतके दिवस तो मावळतीकडे वाकताना त्यांनी पाहिला होता आणि मावळतीला आमच्याकडे दुसरं आहेच काय, आनो कारमोशिवाय? गावाने त्याला आपला मानला होता तो त्या वाकण्यामुळेच. बाहेरून आला, पण आमच्या आईला ओळखतो, असं बायका म्हणायच्या.

यांगझोम त्याच्या पाठीचं माप घ्यायला चक्कीत गेली. पाठ हाडकुळी होती, उजवा खांदा थोडा वर. माप घेता घेता, भांडणाची भरपाई म्हणून असेल, ती म्हणाली की आनो कारमोवर तुझी एवढी श्रद्धा आहे याचा गावाला आनंद आहे.

"मी तिला वाकत नाही," तो म्हणाला.

"मग?"

"ती मध्ये येते."

यांगझोमच्या हातातली दोरी तशीच राहिली. तिने विचारलं की आनो कारमोच्या मागे काय आहे. तो म्हणाला, डोंगर. त्यांच्या मागे? नद्या, गावं, मग वाळू, फार वाळू. आणि वाळूत एक घर.

"म्हणजे तुझा देव त्या घरात राहतो."

"नाही. घर रिकामं आहे."

 तो थट्टा करत नव्हता. आमच्या देवळात मूर्ती होत्या, डोंगरात आई होती, खिंडीत दगडांच्या राशी होत्या. जिथे वाकायचं तिथे काहीतरी असायचं. हा माणूस एवढे डोंगर ओलांडून आला होता आणि रोज पाच वेळा, त्या सगळ्या डोंगरांपलीकडच्या एका रिकाम्या घराकडे तोंड करून मातीला कपाळ लावत होता. तिला भीती वाटली. पण ती भीती उंच कड्यावरून खाली बघताना वाटते तशी नव्हती. मोकळ्या रात्री वर बघितल्यावर वाटते तशी होती.

मग तिला दुसरी भीती आठवली, जवळची. बर्फ आणायला निघण्याआधी ओनपो प्रत्येकाला विचारायचा. ओनपो म्हणजे आमचे दिवस आणि तारे बघणारा म्हातारा. तो शुक्पा या सुवासिक झुडपाच्या पाल्याचा धूर करून प्रत्येकाच्या समोर उभा राही आणि विचारी: कोणाला वाकतोस? प्रत्येकाने म्हणायचं: आनो कारमोला. या माणसाने दुसरं काही म्हटलं तर त्याला काढतील, एक टोपली कमी पडेल, आणि ओनपोने काढलेला दिवस टळला तर पुढच्या वर्षीपर्यंत गावच उरणार नाही.

"ओनपो विचारेल," ती म्हणाली. "तू आनो कारमोचं नाव घे. एक शब्द आहे. तुझा रिकाम्या घरातला काही रागावणार नाही."

तो हसला. मग म्हणाला, "विचारलं तर खरं सांगेन, आशे."

त्याने तिला पहिल्यांदाच आशे म्हटलं होतं. ती चिडूनच घरी गेली. गावाच्या शंभर पिढ्या एका बाजूला आणि याचा एक शब्द दुसऱ्या बाजूला, असं तिने गोनबोला सांगितलं. का कोण जाणे, टोपली मात्र तिने त्याच पाठीची विणली, आणि नेहमीपेक्षा घट्ट.

ठरलेल्या पहाटे धूर झाला. ओनपो रांगेतून पुढे सरकत होता. कारमोला, कारमोला, आनो कारमोला. गोनबोने तर नाव दोनदा घेतलं, एकदा घरच्यांच्या वतीने. जकरियासमोर ओनपो उभा राहिला तेव्हा यांगझोमने डोळे मिटून घेतले.

"जिने हा डोंगर उभा केला नाही, तिला नाही," तो सावकाश, शब्द शोधत म्हणाला. "ज्याने केला, त्याला."

 सगळेच एकदम बोलायला लागले. नोरफेल म्हणाला की याला आधी विचारायला हवं होतं, कोणीतरी म्हणालं की राजाकडून आलेला माणूस आहे, जपून, आणि एका म्हातारीने सरळ सांगितलं की अशा माणसाच्या पाठीवर आई बसणार नाही. ओनपो धुरात खोकत उभा होता. त्याला खोकल्याने बोलता येईना. शेवटी त्याने हात वर केला.

"बाकी सगळ्यांनी मला जे आवडेल ते सांगितलं," तो म्हणाला. "गोनबोने तर दोनदा सांगितलं, आणि गोनबो वर्षभर डोंगराकडे ढुंकून बघत नाही, मला माहीत आहे. याने जे आहे ते सांगितलं. बर्फ न्यायचंय की भांडायचंय?"

नोरफेल अजून काही म्हणणार होता, पण उजाडत होतं. माणसं निघाली. आनो कारमोचं निळं बर्फ कापलं, टोपल्यांत कोळसा, भुसा, बर्फ, पुन्हा भुसा आणि वर बकऱ्याचं कातडं बांधलं, आणि तोंडं मिटली.

पुढचं गोनबोने सांगितलं. त्याने ते आयुष्यभर सांगितलं, आणि जो माणूस प्रत्येक गोष्टीत विनोद शोधायचा, त्याने यात कधी शोधला नाही.

घसरणीच्या उतारावर गोनबोचा पाय दगडांत अडकून पिरगळला. तो पडला, पण पडताना पोटावर वळला, म्हणून टोपली वरच राहिली. ओरडायची सोय नव्हती. पुढची माणसं वळणाआड गेली होती. उठायला गेला तर पाय जमिनीला टेकेना, आणि हातांना भार पेलेना. आता टोपली कलंडणार, हे त्याला कळत होतं. मागून जकरिया आला. त्याने वाकून गोनबोच्या खांद्यांवरचे पट्टे सोडवले, टोपली जमिनीला न लागू देता उचलली आणि स्वतःच्या छातीवर बांधली. पाठीवर एक, छातीवर एक. मग काठी गोनबोच्या हातात दिली आणि चालायला लागला. गोनबो लंगडत मागे.

"दुपार कलली," गोनबो सांगायचा. "मी मागून बघत होतो. त्याची मान वाकली. आधी थोडी, मग जास्त. मग सरळ. मग पुन्हा. पाय थांबले नाहीत. तशा दगडांवरून, पुढचं काही दिसत नसताना, दोन टोपल्या घेऊन. मला वाटलं चक्कर आली याला. मग कळलं, याची वेळ झालीय. आणि याची पाठ आनो कारमोकडे होती! तिचं बर्फ पाठीवर घेऊन, तिच्याकडे पाठ करून हा वाकत होता. पाय चालत होते, पण तो चालत नव्हता रे. तो कोणाच्या तरी समोर उभा होता. मला वाटत होतं, मी जर दोन पावलं पुढे झालो तर मलाही तो दिसेल. आणि मी मुद्दाम मागे राहिलो. माझी छाती झाली नाही."

सूर्य बुडताना पुन्हा तसंच. ओठ मिटलेले. पहाटे ओनपोला दिलेल्या त्या उत्तरापलीकडे त्या माणसाच्या धर्माचा एक शब्दही तोवर गोनबोने ऐकलेला नव्हता. त्याने तो फक्त मागून पाहिला.

वर कपारीजवळ यांगझोम आणि इतर बायका भुसा, कोळसा आणि नदीच्या पाण्याने भरलेले तुंबे घेऊन थांबल्या होत्या. नाकपोकडची माणसं आधी पोचली. मग कारमोकडची एकेक. गोनबो दिसेना. यांगझोमला विचारताही येईना. बर्फ येताना बायकांनीही बोलायचं नसतं. मग उतारावर एक विचित्र आकार दिसला, पुढे आणि मागे फुगलेला, आणि त्याच्या मागे लंगडणारा तिचा भाऊ.

टोपल्या उतरवताना तिने पाहिलं. गोनबोच्या पाठीसाठी विणलेली टोपली जकरियाच्या फासळ्यांवर दिवसभर घासली होती. झगा फाटून आतली कातडी सोलवटली होती आणि टोपलीच्या काठाला रक्त लागलं होतं. काठ तिनेच दुमडला होता, गोनबोच्या कण्याच्या वळणाने. दुसऱ्या कोणाच्याही अंगाला तो काठ टोचणार, हे तिला माहीत होतं. त्याला ते पहिल्या पावलाला कळलं असणार.

निळं आणि काळं बर्फ शेजारी ठेवलं, मध्ये तुंबे, वर कोळसा, भुसा, माती, दगड. ओनपोने हात जोडले आणि म्हणाला की आता बोला. चालीप्रमाणे सगळ्यांनी आधी वधूवरांची नावं घेतली, कारमो, नाकपो. जकरियाचं पहिलं बोलणं निराळं होतं. तो गोनबोकडे वळून म्हणाला, "पाय?"

हिवाळा आला आणि गोनबो चक्कीत जाऊन बसायला लागला. लोक म्हणत, पाय बरा झाला पण डोकं गेलं. तो म्हणे, डोक्याची सवयच नव्हती, गेलेलं कळलं नाही. तो तिथे काय करतो हे यांगझोमने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की उभा राहतो, वाकतो, आणि त्या दिवशी जे दोन पावलं पुढे होतं त्याच्या जवळ जायला बघतो. अजून तेवढंच अंतर आहे म्हणाला. बोलताना त्याचा चेहरा असा होता की तिने पुढचा टोमणा गिळला.

गाव त्या वर्षी उठलं नाही. नोरफेल किल्ल्यात जाऊन राजाला सांगून आला की लग्न लावलंय, थोडं थांबा. राजाने दाणे दिले आणि थांबला. लोक अर्धपोटी राहिले. जर्दाळूच्या बियांचं कूट खाल्लं, कुट्टूच्या पिठात पाला मिसळला. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी ओनपो कपारीपर्यंत चढायचा आणि दगडांवर कान ठेवून यायचा. काही बोलायचा नाही. मग त्याला चढवेना, तेव्हा जकरिया त्याला पाठीवर घेऊन जायला लागला. ओनपोने आपला धर्म कधी सोडला नाही आणि जकरियाने त्याला कधी सोड म्हटलं नाही. वाटेत दोघं भांडायचे म्हणतात, ताऱ्यांवरून.

एक गोष्ट यांगझोमच्या लक्षात येत होती. हिवाळ्यात जकरिया बर्फ वितळवून हातपाय धुई. पण पेरणीपासून कापणीपर्यंत, जोवर पाट पिकांचा असे, तोवर तो मातीच वापरी. गोनबोने त्याला कितीदा सांगितलं की ओंजळभर पाण्याने काय बिघडतंय, माझ्या पाळीतलं घे. तो मान हलवी. यांगझोमने एकदा रागाच्या भरात म्हटलेलं तो विसरला नव्हता, आणि त्याचा रागही त्याच्या मनात नव्हता. ती भेगाळलेली माती तेवढी त्याच्या लक्षात राहिली होती.

मग एका उन्हाळ्यात, यांगझोमच्या केसांत पांढरं भरून आल्यावर, वर चरायला गेलेल्या शेळ्या ओल्या तोंडाने परत आल्या. गाव धावलं. कपारीखाली जिथे कधी काही नव्हतं तिथे दगडांमधून पाणी झिरपत होतं. वर दगडांच्या फटीत निळसर काळं काहीतरी चमकत होतं, गायीच्या डोळ्यासारखं. माणसं ओरडली नाहीत. बर्फासमोर बोलायचं नसतं ही इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे सगळं गाव तिथे गप्प उभं होतं आणि पाण्याचाच तेवढा आवाज येत होता. ओनपोला कोणीतरी पाठीवर आणलं होतं. तो रडत होता आणि बोट ओलं करून पुन्हा पुन्हा कपाळाला लावत होता.

पुढच्या वर्षी नवा पाट खणला. पहिली पाळी कोणाची यावर वाद झाला नाही, चिठ्ठी यांगझोमची निघाली. ती पाणी वळवत होती तेव्हा दुपारची वेळ झाली. चक्कीच्या दारात जकरियाने नेहमीप्रमाणे मातीवर तळवे टेकवायला हात खाली नेले. यांगझोम तुंबा भरून घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हात पुढे करा," ती म्हणाली. "आज पाळी माझी आहे."

त्याने हात पुढे केले. ती ओतत राहिली आणि तो धूत राहिला, हात, तोंड, कोपरापर्यंत, ओला तळवा डोक्यावरून, मग पाय.  धुऊन झाल्यावर त्याने तुंबा तिच्या हातातून घेतला, त्यात अजून पाणी होतं, आणि वाट बघत उभा राहिला. काय विचारतोय हे तिला कळलं. तिने बाह्या वर केल्या. त्या दिवशी मावळतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्यांत तीही होती, भावाच्या मागे, आणि आनो कारमो नेहमीसारखी मध्ये होती.

राजाने हा धर्म ढोल वाजवून घेतला, किल्ल्यातल्या लोकांनी राजाचं बघून घेतला. थांगचुंगला तो असा आला. पाणी आलं म्हणून आला असं काही जण सांगतात, ते खरं नाही. पाणी यायच्या कितीतरी आधी गोनबो वाकत होता, आणि पाणी आल्यावरही निम्मं गाव आनो कारमोलाच नमस्कार करत राहिलं, नातवंडांच्या पिढीपर्यंत. पाण्याने एक अडचण मात्र केली. चक्की सुरू झाली, तेव्हा जकरियाला राहायला आणि वाकायला जागा उरली नाही. म्हणून गावाने त्याला एक खोली बांधून दिली. सुतारांना देवळाचंच काम येत होतं, तेव्हा खांबांवर तीच कमळं, छताला तीच नक्षी कोरली. पायाचा दिवस ओनपोने काढला. जकरिया म्हणाला की सगळे दिवस चांगलेच असतात. "मग मी सांगतो त्या दिवशी करायला तुझं काय जातंय?" असं ओनपो म्हणाला, आणि त्याच दिवशी पाया घातला. ती खोली अजून आहे. आम्ही तिथेच नमाज पढतो.

जकरिया त्याच गावात वारला. यांगझोम त्याच्या नंतर बरीच वर्षं जगली. तिचं नाव कोणी बदललं नाही. नातीचं मात्र सकीना ठेवलं. दोन्ही वाफे तिच्याकडेच राहिले, आणि ती कोणाच्या अंगणात राहायला गेली नाही.

शेवटच्या वसंतात तिला उठवत नव्हतं. अंथरूण दाराशी घातलं होतं, तिथून तिला वाफे दिसत. पेरणी चालू होती आणि त्या दिवशी पाटाची पाळी तिची होती. दुपारी तिने पडल्यापडल्या नमाज पढली, नुसत्या मानेने, आणि बराच वेळ मावळतीकडे बघत राहिली. लेकीच्या घरून तिच्या सोबतीला येऊन राहिलेल्या सकीनाला वाटलं आपी, म्हणजे आजी, झोपली, म्हणून ती तिच्या पायांवर घोंगडी ओढायला वाकली. तेव्हा यांगझोमने डोळे न वळवता म्हटलं,

"आपलं भिजलं असेल गं. पाणी आता खालच्या वाफ्यांकडे सोड."